इंजिनाच्या नटांना शेंदूर

मोटारसायकलच्या इंजिनाचे नट ढिले झालेत की नाही, हे पान्ह्याला हात न लावता ओळखायची पद्धत धुळ्यात आमच्या गल्लीत मी सुरू केली आणि आमच्याच गल्लीत ती बंदही पडली.

गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. मी तेव्हा हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. माझे सासरे, आबा, फैजपूरचे केळीवाले. आबांनी जीप घेतली आणि त्यांची जुनी मोटारसायकल मोकळी झाली. जावई दोन. एक मी आणि दुसरा मुक्ताईनगरचा माझा साडू. (शेती भरपूर, बोलणं कमी. सासऱ्यांना असलेच जावई आवडतात!) आबांनी अंगणात खाट टाकून निकाल दिला.

"सहा महिने गाडी धुळ्याले राहू द्या. नीट ठेवली तं तुमच्या नावानं करून देतो. नाही तं मुक्ताईनगरले धाडतो."

साडू नुसता गालात हसला. ते हसणं मला फार लागलं.

"सहा महिने गाडी तुमच्या हातात?" घरी आल्यावर माझ्या बायकोनं, मंगलानं, विचारलं.

"का? विज्ञानाचा शिक्षक आहे मी!"

"म्हणून तर विचारते."

मी गाडीसोबतचं माहितीपुस्तक दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं की इंजिन ज्या नटबोल्टांनी सांगाड्याला धरलेलं असतं, ते थरथरीनं ढिले होतात. अधूनमधून पान्हा लावून पाहावेत. आता पान्हा लावायचा म्हणजे हात काळे, शर्ट काळा आणि वर्गात पोरांचं खिदळणं. तेवढ्यात मला भुसावळ स्टेशनावर पाहिलेलं आठवलं. तिथे एका डब्याखालच्या नटांवर रंगाची एकेक रेघ होती, नटावरून निघून शेजारच्या लोखंडावर गेलेली. नट जरासा फिरला की रेघ तुटणार. म्हणजे पान्हा नको, नुसतं पाहायचं!

रंग घरात नव्हता. देवघरात शेंदूर होता. मी तो तेलात कालवला आणि उदबत्तीच्या काडीनं इंजिनाच्या आठही नटांवर सुबक रेघा ओढल्या. माझी आई ओट्यावरून बघत होती.

"काय करी ऱ्हायना रे भाऊ?"

गाडीची काळजी घेतोय, असं मी सांगितलं. शास्त्रीय कारण सांगत बसलो नाही. (तिला काय कळणार! हा माझा विचार. पुढे वाचा.)

"कर बाप्पा," आई म्हणाली. "शनवार बी शे आज. चांगलं शे."

त्यानंतर दर रविवारी सकाळी चहा झाला की माझी तपासणी. हात मागे बांधून वाकायचं, आठ रेघा मोजायच्या, एकही तुटलेली नाही याची खात्री करायची आणि समाधानानं सरळ व्हायचं. वेळ, अर्धं मिनिट. कोपऱ्यावरचा मेकॅनिक हमीदभाई हे दोन-तीनदा बघून गेला.

"सर, एकदा पाना मारू द्या. इंजिन हलून राह्यलं."

"हमीदभाई, तुम्ही हातानं तपासता. मी डोळ्यानं तपासतो. फरक आहे!"

"फरक तर आहे," हमीदभाई म्हणाला आणि आपल्या कामाला निघून गेला.

तिसऱ्या महिन्यात गाडीवर बसलं की माझा चष्मा नाकावरून आपोआप खाली यायला लागला. चौथ्या महिन्यात आरशात मागून येणारा प्रत्येक ट्रक मला दुहेरी दिसायला लागला. पाचव्या महिन्यात मंगला पाच कंदिलाजवळच्या बाजारातून डबाभर दही घेऊन माझ्या मागे बसली. घरी येऊन झाकण काढलं तर आत ताक, आणि वर लोण्याचा गोळा!

"गाडी फार थरथरते हो."

"रस्ता खराब आहे."

"परवाच तर नवा केलाय."

"मग अजून बसला नसेल!"

तिनं डबा माझ्या नाकासमोर धरला. मी तिचा हात धरून तिला गाडीपाशी नेलं. "हे बघ. रेघ बघ, रेघ! पाच महिने झाले, एक तरी तुटली का? अगदी काल काढल्यासारख्या आहेत!" (हे वाक्य मी माझ्या तोंडानं म्हणालो होतो. मंगला अजून म्हणून दाखवते.)

सहा महिने भरले आणि एका रविवारी आबा जीप घरी ठेवून सकाळच्या एसटीनं हजर झाले. मी त्याआधीच आठ नट मोजून ठेवले होते. छाती कशी भरून आली होती! साडूचं ते हसणं आता कायमचं मिटणार होतं.

"चला जावईबापू, एक चक्कर मारू," चहा संपवून आबा म्हणाले.

मी त्यांना मागे बसवलं आणि आग्रा रोडनं सोनगीरच्या दिशेला निघालो. गावाबाहेर पडल्यावर वेग वाढवला. आबांना कवळी होती. ती वाजायला लागली.

"जा-जा-जावईबा-बापू, गा-गाडी..."

"हो आबा! अजून जोर आहे तिच्यात!"

"ज-जोर ना-नाही, थां-थांब..."

चढ आला. मी मूठ पिळली. 'खाड्' असा आवाज झाला, काहीतरी रस्त्यावर टणटणत गेलं, चेन उतरली आणि माझ्या पायांमध्ये सहा महिने नीट बसलेलं इंजिन एका कुशीवर वळलं! गाडी कशीबशी कडेला घेतली. शेजारून ट्रक भोंगे वाजवत जात होते. मला दरदरून घाम फुटला. सासरा मागे बसलेला, काही बरंवाईट झालं असतं तर? आबा मात्र शांतपणे उतरले, कवळी नीट बसवली आणि गाडीपाशी उकिडवे बसले.

भीती ओसरली आणि माझ्यातला शिक्षक परत जागा झाला.

"नटांचा प्रश्नच नाही, आबा. आज सकाळीच तपासलेत. ही बघा रेघ. अखंड!"

आबांनी त्या नटाला दोन बोटं लावली आणि फिरवली. नट रेघेसकट त्यांच्या तळहातावर आला. दुसऱ्याला लावली. तोही आला. तिसऱ्याला बोट लावायच्या आतच तो खाली पडला. मग त्यांनी पुढच्या बाजूला खालच्या अंगाला बोट दाखवलं.

"अन् याले कोनता नट म्हनता?"

तिथे नट नव्हता. बोल्टही नव्हता. नुसतं भोक होतं, आणि भोकाभोवती कुणीतरी शेंदराचं छान गोल कडं काढलं होतं! माझ्या मोजणीतला आठवा तो हाच.

एका टेम्पोत गाडी घालून आम्ही घरी आलो. हे शेंदराचं काम कुणाचं, ते मला विचारावंही लागलं नाही. गाडी उतरवताना आईच कळवळली.

"अरे, कालच ते बठ्ठा नटसले शेंदूर लावा मी!"

"तू?"

"दर शनवारले लावस ना भाऊ. दुपारले तू झोपस तवय. तुन्ही रेघ तुटी जाय. तुटेल रेघ बरी दिखस का? जुनी पुसी टाकस नि नवी काढस."

"आणि ते भोक?"

"तठला नट पडी जायेल व्हता. मी म्हंतं, जागा कोरी कशी ठेवो?"

मंगला पदर तोंडाला लावून आत पळाली. आबा इतके हसले की कवळी हातात काढून घ्यावी लागली. मी मात्र मान खाली घालून उभा होतो. डोळ्यांसमोर साडू किक मारत होता.

"गाडी मुक्ताईनगरले जात नाही," आबा अखेर डोळे पुसत म्हणाले.

माझी मान वर आली.

"गाडी अक्काच्या नावानं करून देतो," म्हणत आबांनी माझ्या आईकडे बोट दाखवलं.

"आबा! अहो, आईनंच तर सगळ्या खुणा पुसल्या!"

"पुसल्या. पन सहा महिने त्यायनं दर शनिवारी गाडीले हात तं लावला. तुमी नुसतं पाह्यलं."

महिन्याभरात कागद आले, मालकाच्या जागी आईचं नाव. ती त्या गाडीवर एकदाही बसली नाही, पण मालकी तिनं चोख केली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी हमीदभाईला बोलवायची, समोर बसून एकेका नटाला पान्हा लावून घ्यायची आणि मग विचारायची, "आते भाऊले गाडी देवू ना?"

हमीदभाई हात पुसत माझ्याकडे नीट बघायचा आणि म्हणायचा, "द्या अक्का, बिनधास्त द्या. सरांना फक्त चालवू द्या, तपासू देऊ नका!"