शेजारच्या सीटवरची टाळी

द्रुतगती मार्गावर माझ्या गाडीचा काटा शंभराच्या पुढे जात नाही. मर्यादाच तेवढी आहे. परवा एक लाल गाडी मला झपकन मागे टाकून गेली आणि कॅमेऱ्याच्या कमानीपाशी पुन्हा माझ्या बरोबरीला आली. कॅमेरा दिसला की सगळेच असे सभ्य होतात. चालवणारा माझ्याच वयाचा होता, टक्कलही माझ्याइतकंच. शेजारची बाई पुढे वाकून त्याला बोटाने कॅमेरा दाखवत होती. कमान मागे पडताच तिने टाळी वाजवली, त्याने वेग वाढवला आणि दोघं हसत हसत दिसेनासे झाले.

त्याच्या वेगाचा मला हेवा वाटला नाही. तेवढी माझीही गाडी पळते. माझा जीव जळला तो त्या टाळीवर. अशा लोकांना चांगला दंड बसायला हवा, असं पुटपुटत मी त्यांना शोधायला निघालो आणि कळायच्या आत एकशे वीसच्या पुढे गेलो. वेग जास्त झाल्याच्या इशाऱ्याने गाडी सारखी टुणटुण वाजायला लागली. शेजारी झोपलेली माझी बायको दचकून उठली.

“काय झालं हो?”

“काही नाही,” म्हणत मी काटा शंभरावर आणला.

“तुम्ही चालवत असलात की कशी गाढ झोप लागते,” ती म्हणाली आणि तिने पुन्हा डोळे मिटले.

तिचं हे वाक्य मी आजवर सगळ्यांना कौतुकाने सांगत आलो होतो.