पाय उचलल्यानंतरचा आकडा

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी माझा मोठा भाऊ वारला. शेवटपर्यंत तो व्हेंटिलेटरवर होता.

आमचं गाव शिरड शहापूरजवळ. तिथे अंगात ताकद वाटेनाशी झाली की माणूस दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेतो. डॉक्टर नको म्हणाला तर दुसऱ्याकडे जातो. सोयाबीनची काढणी संपली की भाऊही एक बाटली लावून यायचा. "सर्व्हिसिंग झाली," म्हणायचा.

शस्त्रक्रिया जिल्ह्याबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात झाली. त्याच संध्याकाळी रक्तदाब उतरला. डॉक्टरांनी पलंग सपाट केला, भावाचे दोन्ही पाय वर उचलले आणि मॉनिटरवरच्या आकड्याकडे पाहत राहिले. पायांतलं रक्त हृदयाकडे आलं की हृदय ते पुढे ढकलतं का, एवढंच पाहायचं होतं. आकडा वाढला. मग सलाईन सोडलं, रक्तदाब सावरला. वहिनींनी बाटलीला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी रक्तदाब पुन्हा उतरला. पाय उचलले, आकडा हलला नाही. सलाईन दिलं नाही, औषधं वाढवली.

"काल एका बाटलीनं बराबर झालं होतं," वहिनी मला म्हणाल्या. "आज काहून लावून न्हाई राहिले? भाऊजी, तुमी पेपरवाले. कलेक्टरला प्रश्न इचारता, अन् इथं तोंड उघडंना?"

मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "काल हृदयात रक्त कमी येत होतं. आज पुरेसं येतंय, पण ते पुढे ढकलवत नाही. वरून दिलं तर पाणी फुप्फुसात उतरेल."

"फुप्फुसात कसं जाईल?" वहिनी म्हणाल्या. "सलाईनची नळी तर मानंत हाय."

तिसऱ्या दिवशी लघवी थांबली. वहिनींनी डॉक्टरांना विनवलं, "एक डाव अजून पाय उचलून पहा, साहेब. मी धरते."

डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं. पलंग सपाट झाला. शस्त्रक्रियेसाठी शीर काढून पट्टी बांधलेला पाय नर्सने उचलला, दुसरा वहिनींनी. कोणता आकडा बघायचा, हे त्यांना आता माहीत होतं. तो होता तिथेच राहिला. डॉक्टरांनी पाय खाली ठेवायला सांगितलं. नर्सने ठेवला. वहिनींनी लगेच ठेवला नाही.

दुपारी आम्हाला आत बोलावलं. आमच्याकडे जाणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालतात. वहिनींनी गावाहून आणलेल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं. भावाच्या तोंडात व्हेंटिलेटरची नळी होती. नर्सने कापसाचा बोळा दिला. तो भिजवून वहिनींनी त्याचे ओठ ओले केले.