डिसेंबरात पाचवर फिरणारा पंखा

सौंसरला आमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. नवरा फिटिंगला जातो, मी काउंटरवर बसते आणि त्याला अक्कल शिकवते.

दोन वर्षांपूर्वी नागपूरहून एक सेल्समन आला. टोकदार बूट, गुळगुळीत बोलणं. काउंटरवर त्यानं काचेची एक पट्टी ठेवली. बटणांच्या जागी नुसते ठिपके. मोबाइलकडे तोंड करून तो म्हणाला, "दिवा लाव." दिवा लागला. लग्नात माझ्याकडे कधी पाहिलं नाही अशा नजरेनं नवरा त्या काचेकडे पाहू लागला. मी तेव्हाच ओळखलं, हा माल आता घरात येणार.

आला. नऊ घरी बसलाही. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे लोधीखेड्याचे एक रिटायर हेडमास्तर. गुरुजींनी अख्ख्या घराची जुनी बटणं काढायला लावली. ते मोबाइलला पुस्तकी मराठीत सांगायचे, "पंखा सुरू कर," आणि पंखा निमूट फिरायचा. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, "पंखा लाव नं बापा" म्हटलं की मोबाइल म्हणायचा, समजलं नाही. काकू मग काचेवर बोट दाबून काम उरकायच्या. गुरुजींना हा शिस्तभंग वाटला. त्यांनी मोबाइलमधूनच काचेला कुलूप घातलं. आता बोट चालणार नाही, हुकूमच पाहिजे.

मग कंपनी बंद पडली. मोबाइलवर इंग्रजीत निरोप आला, आमच्या प्रवासात साथ दिल्याबद्दल आभार. प्रवास कुठं संपला ते लिहिलं नव्हतं. गुरुजींचा हुकूम आधी कंपनीच्या कॉम्प्युटरकडे जायचा आणि तिथून फिरून त्यांच्याच पंख्याकडे यायचा, हे आम्हाला तेव्हा कळलं.

गुरुजी कानटोपी घालून दुकानात आले. "फरशी वाळवायला लावलेला पंखा पाचवरच फिरून राहिला. डिसेंबरात! मी सांगतो, तो ऐकत नाही. काचेला कुलूप. मेन पाडला तर फ्रिज बंद, मोटर बंद."

"काकू काय म्हणतात जी?"

"माहेरी जातो म्हणते."

मी कंपनीला फोन लावला. नंबरच अस्तित्वात नव्हता. सेल्समनला लावला. "ताई, ती कंपनी मी कधीच सोडली. आता पाण्याचे फिल्टर विकतो. तेही मोबाइलवर चालतात. दोन पाठवू का?" मी त्याला जे सुनावलं ते आतल्या खोलीत सासूबाईंनी ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी पिशवीभर साधी बटणं घेऊन आम्ही दोघं स्कूटरवर लोधीखेड्याला गेलो. नवरा काच उचकटत होता, काकू शाल गुंडाळून त्याच्या डोक्यावर उभ्या.

"भाऊ, मले आवाजाचं बटण पाहिजे. टक् झालं पाहिजे."

टक् झालं, पंखा थांबला. काकूंनी तीनदा लावून-बंद करून पाहिला.

गुरुजी आता आमच्यावर ओरडणार म्हणून मी तयारीत होते. ते खुर्चीवर बसून हळूच म्हणाले, "पस्तीस वर्षं वर्गात ओरडलो. एका हाकेत कोणी ऐकलं नाही. हे ऐकायचं."

विकताना मीच त्यांना म्हटलं होतं, घ्या गुरुजी, छान आहे.

काकू चहाचे कप ठेवत म्हणाल्या, "माह्यासंग बोलत जा नं. मी ऐकतो. पण धडा वाचल्यासारखं बोलाल तर नाही ऐकत."

उरलेल्या आठ घरी फिरायला पंधरा दिवस लागले. शिव्या नवऱ्यानं खाल्ल्या, चहा दोघांनी घेतला. शेवटचं घर पांढुर्ण्याच्या एका मेडिकलवाल्याचं. तो काच काढूच देईना. "राहू द्या, भिंत चांगली दिसते." मग पडद्यामागे साधा बोर्ड बसवून दिला. पाहुणे आले की तो रुबाबात काचेवर बोट ठेवतो, आणि त्याची बायको पडद्यामागून खटका दाबते.