नऊ पूर्ण संशोधक

कचेरीत त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे शंकासुर. बाईंना दोन्ही ठाऊक होतं. देशात संशोधन किती चालतं याचे आकडे गोळा करायचं त्यांचं काम. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांचे फॉर्म यायचे, बाई ते तपासायच्या. एके वर्षी एका साबणाच्या कारखान्याने आपला पहारेकरीसुद्धा संशोधकांत घुसडला आणि तो नेमका बाईंच्या नजरेतून निसटला. केवढी शोभा झाली! दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाई तर साधं पाणीही फुंकून पिऊ लागल्या.

यंदा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा फॉर्म आला. माणसं नऊ, आणि ‘संशोधनाला दिलेला वेळ’ या रकान्यात नऊही जणांपुढे एक. एक म्हणजे पूर्णवेळ. अर्धा वेळ दिला तर पाच दशांश, आठवड्यातला एक दिवस दिला तर दोन दशांश.

“नऊच्या नऊ पूर्ण? यातलं कुणी चहालासुद्धा उठत नाही?” बाई साहेबांना म्हणाल्या. “कुठेतरी पाणी मुरतंय.”

“अहो, आकडा वाढलाय, आनंद माना की! आणि तुमची मुलगी तिथेच आहे ना?”

तिथेच तर खरी मेख होती. नियम स्पष्ट होता: रोजची ठरावीक तपासणी म्हणजे संशोधन नव्हे. शिवाय नव्या धोरणात ज्याचा वेळ अर्ध्याहून कमी भरेल, त्याचं संशोधकाचं पद जाऊन तो तपासनीस होणार होता. ‘माझी लेक संशोधक’ हे बाईंनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं. आणि हीच लेक रोज जेवताना म्हणायची, “आज सत्तर बाटल्या तपासल्या, आई. मान मोडून आली.”

दुसरी कुठली प्रयोगशाळा असती तर बाईंनी तासाभरात फोन करून तिथल्या माणसांना घाम फोडला असता. हा फॉर्म मात्र तीन दिवस खणात पडून राहिला. त्यांना स्वतःचीच चीड आली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

रविवारी लेक शेंगा सोलत बसली होती. बाईंनी आडून विचारलं, “काय गं, बाटल्या सोडून तुझं स्वतःचं असं काय चालतं तिथे?”

“दर गुरुवारी नळांच्या गंजावर काम करते. का?”

“फक्त गुरुवारी?”

लेकीने हातातली शेंग खाली ठेवली. “फॉर्म पोचला वाटतं.”

“कुणी भरलाय तो? तुमच्या त्या लबाड मुख्याने ना?”

“मी.”

“तू? तू कशाला?”

“मीच मागून घेतला. म्हटलं, आईकडे जाणार आहे, मला भरू द्या. सगळ्या जगावर संशय घेतेस तू. वाटलं, माझ्यावर तरी घेणार नाहीस.”

‘चुकलं गं’ असं बाईंच्या तोंडापर्यंत आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं. आपलं चुकलं तरी काय होतं?

सोमवारी त्यांनी प्रयोगशाळेला फोन लावून नऊही जणांची खरी माहिती काढली आणि ज्याच्या त्याच्यापुढे खरा आकडा लिहिला. शेवटी लेकीच्या नावापुढचा एक खोडून तिथे दोन दशांश लिहिले आणि बाजूला सही केली.

चार महिन्यांनी लेक तपासनीस झाली. ती अजून रोज घरी येते, आईशेजारी बसून जेवते, पण कामाचं अवाक्षर काढत नाही. बाईंना विचारावंसं फार वाटतं. पण विचारलं तर तिला वाटेल, आई तपासतेय.