रुखवतातलं निसर्गदृश्य

आमच्या मुलाच्या लग्नात मुलीकडच्यांनी रीतीप्रमाणे रुखवत मांडलं होतं. लांब टेबलावर साखरेचं तुळशीवृंदावन, लोकरीचे पोपट, डाळ-तांदळाचा गणपती, खोबऱ्याच्या वाट्यांचे बाहुला-बाहुली, आणि प्रत्येक वस्तूपुढे रंगीत कागदावर तिचं नाव. टेबलाच्या शेवटी भिंतीला टेकवून एक चित्र ठेवलं होतं. चार फूट रुंद, तीन फूट उंच. पांढऱ्या कॅनव्हासवर डावीकडून खालून एक जाड काळा फटकारा वर जातो, वळतो आणि उजवीकडे खाली उतरतो. आसपास पिवळ्या रंगाचे शिंतोडे. बाकी काही नाही. उजव्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवलेली होती : 'निसर्गदृश्य'.

चित्र नवऱ्या मुलीने स्वतः काढलेलं होतं. तिने पुण्यात चित्रकलेचं शिक्षण घेतलं आहे. चिठ्ठी मात्र तिच्या आईने लावली होती. विहीणबाई राहाता गावच्या, माणसांत वावरलेल्या. लोक काय विचारतील हे त्यांना आधीच माहीत होतं. आमच्या बाजूच्या एका बाईंनी 'शुभकार्यात काळा रंग कशाला?' असं विचारलं, तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "काळा नाही हो, गडद निळा आहे." मी नंतर चित्र उन्हात नेऊन पाहिलं. काळा आहे.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करतो. भरलेल्या गाडीचं वजन घ्यायचं, रिकाम्या गाडीचं घ्यायचं, फरक तो ऊस. एखाद्या गोष्टीत काय आहे हे सांगता आलं नाही की मला चैन पडत नाही. त्यामुळे चिठ्ठी वाचल्यावर मी त्या चित्रात डोंगर शोधला आणि तो सापडला. फटकारा जिथे वळतो तो डोंगर, शिंतोडे म्हणजे झेंडूचं शेत. मांडवात दोघातिघांना दाखवलाही. एकाला दिसला, बाकीच्यांनी दिसल्यासारखं केलं.

लग्नानंतर रुखवत टेम्पोतून केडगावला आमच्या घरी आलं. पोपट आणि बाहुला-बाहुली शोकेसमध्ये गेले, तुळशीवृंदावनाला मुंग्या लागल्या, उरलेलं माळ्यावर गेलं. चित्र माळ्यावर जाईना. माळ्याचं तोंड अडीच फुटांचं आहे. मग ते मुलाच्या खोलीत कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं. मी सूनबाईला विचारलं, "चालेल ना?" ती म्हणाली, "चालेल की बाबा." तिचं कंपनीचं काम घरूनच कॉम्प्युटरवर चालतं. सकाळी स्वयंपाकाला हातभार लावते, मग दार लावून काम करते, संध्याकाळी सगळ्यांबरोबर बसते. तक्रार अशी तिची कशाबद्दल नव्हती.

दिवाळीच्या आधी एकदा मुलगा माझ्याबरोबर किराणा आणायला आला. परत येताना गाडीवर मागे बसून म्हणाला, "बाबा, तिने रंगांची पेटी अजून उघडलेली नाही."

"मग उघडू दे की. कोणी नको म्हटलंय?"

"कोणीच नाही म्हटलं. ती म्हणते, काढून ठेवायचं कुठे? एक आहे ते कपाटामागे. आणखी थोडे दिवस गेले की ती सोडून देईल, बाबा. आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही, कारण ती सांगणार नाही."

 घरी आल्यावर मी मोजायचा टेप काढला.

आमच्या हॉलला चार भिंती आहेत, पण चित्राच्या दृष्टीने एकही पूर्ण नाही. एकीवर टीव्ही, दुसरीला शोकेस. तिसरीत खिडकी आणि दार. चौथीवर माझ्या वडिलांचा हार घातलेला फोटो, घड्याळ आणि कॅलेंडर. वडिलांना हलवायचा प्रश्न नव्हता. घड्याळ कुठेही चालतं. उरलं कॅलेंडर.

"कॅलेंडर हलणार नाही," बायको म्हणाली.

"का?"

"ओट्यापाशी उभं राहिलं की तिथलंच दिसतं. दूध, सिलिंडर, चतुर्थी, सगळं त्यावर आहे."

"मग ओट्यापाशीच लावू."

"फोडणी उडते."

मी ओट्यापासून आतल्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं आणि फोडणी तिथपर्यंत उडत नाही हे तिला दाखवून दिलं. ती म्हणाली, "तुम्ही कधी फोडणी दिलीय का?" मी दिलेली नाही. पण दुसऱ्या दिवशी कॅलेंडर तिनेच काढून स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलं. "लोक विचारतील तेव्हा तुम्ही उत्तर द्यायचं. मला त्या डोंगराचं काही सांगता येणार नाही," एवढं बजावलं.

चित्र लावायला मी लेव्हलपट्टी वापरली. एकच खिळा ठोकला आणि बुडबुडा मधोमध आल्याशिवाय चित्रावरचा हात काढला नाही. सूनबाई दारात उभी राहून पाहत होती. "छान दिसतंय बाबा," म्हणाली आणि आत गेली. पेटी काही उघडली नाही. मला वाटलं होतं, लावलं की उघडेल.

त्यानंतर एक अडचण निघाली. फटकारा तिरका आहे म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला चित्रच तिरकं लागलंय असं वाटायचं. दूधवाला, शेजारचे काका, गॅसवाला, सगळे बोलता बोलता उठून ते सरळ करायचे, म्हणजे वाकडं करायचे. गेल्यावर मी लेव्हलपट्टी घेऊन ते पुन्हा सरळ करायचो. काय आहे असं विचारलं की डोंगर दाखवायचो. सूनबाई तेव्हा तिथे असली तर पाणी आणायला आत जायची.

भाऊबीजेला राजूरहून आक्का आली. माझी थोरली बहीण. डोंगरात दिलेली, चाळीस वर्षं तिथेच. चहा घेऊन ती चित्रासमोर उभी राहिली, सगळ्यांप्रमाणे तिनेही ते आधी सरळ केलं.

"आक्का, ते सरळच होतं."

"व्हतं व्हय? मग वाकडं का दिसतंय?" तिने चिठ्ठीवर बोट ठेवून अक्षरं लावली. "निसर्गदृश्य. कुठला निसर्ग हाय ह्यो?"

मी डोंगर दाखवला.

आक्काने बराच वेळ पाहिलं. "न्हाई," म्हणाली. "मी रोज डोंगर बघते. ह्यो डोंगर न्हाई. आगं ए पोरी, हिकडं ये. डोंगर हाय का ह्यो?"

सूनबाई स्वयंपाकघरातून आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आक्काकडे. "नाही आत्या," म्हणाली. "डोंगर नाही."

मी ज्यांना ज्यांना तो दाखवला होता ती माणसं माझ्या डोळ्यांपुढून गेली.

"मग हाय काय?"

"हात आहे. म्हणजे... खांद्यापासून हात फिरवला. जिथे ब्रश टेकला तिथून जिथे रंग संपला तिथपर्यंत. एवढंच आहे ते."

"सारवल्यावानी?"

"हो, साधारण तसंच."

"मग खोटं कशाला लिवलंय हितं?" आक्काने विचारलं, आणि आम्ही कोणी काही म्हणायच्या आत चिठ्ठीच्या कोपऱ्यात नख घालून ती ओढली.

चिठ्ठी निघाली. तिच्याबरोबर खालचा रंगही पापुद्र्यासारखा निघाला. विहीणबाईंनी चिठ्ठी नेमकी फटकाऱ्याच्या शेवटावर लावली होती, हे तेव्हा समजलं. जिथे रंग संपत जात होता तिथे आता बोटभर लांब पांढरा चट्टा होता, आणि तो शेवट चिठ्ठीच्या पाठीला चिकटून आक्काच्या हातात.

"आगं माय," आक्का म्हणाली.

"आक्का, तुम्हाला कोणी सांगितलं होतं!" बायकोने आतून येत म्हटलं.

"म्या चिठ्ठी काढली. रंग कुठं काढला?"

सूनबाई चित्राजवळ गेली. चट्ट्यावरून तिने अंगठा फिरवला. मुलगा तिच्या मागे येऊन उभा राहिला. ती रडेल असं मला वाटलं. बायकोलाही वाटलं असावं, कारण तिने पुढे होऊन सूनबाईच्या पाठीवर हात ठेवला. ती रडली नाही.

"त्यात काय एवढं," आक्का घाईने म्हणाली. "काळा रंग लाव की तिथं थोडा. सारवान उकललं तर आमी बोटानं भरतोच की."

"तसं नाही होत, आत्या."

"का न्हाई?"

"भरलं तर ते भरलेलं दिसणार. तो हात तेव्हाचा होता. आता त्याला शेपूट जोडता येत नाही."

"आणि ह्यो वर वळलाय तिथं जाड केलास, ते बरं झालं का? सारवताना असं केलं असतं तर सासूनं मला उठवली असती."

"तिथे जाडच पाहिजे," सूनबाई म्हणाली. आवाज जरा चढला होता. लग्न होऊन ती आमच्या घरात आल्यापासून इतक्या मोठ्याने कोणाशी बोललेली मी ऐकली नव्हती. "तिथे मी थांबले होते, आत्या. थांबलं की ब्रशातून रंग जास्त उतरतो. ते नसतं तर पुढचं सगळं नुसतं घाईघाईचं झालं असतं."

"तू थांबलीस, मला काय म्हाईत?"

"तेच तर दिसतंय ना त्यात!"

आक्काने पुन्हा पाहिलं. "मला तर जाड दिसतंय," ती म्हणाली.

मी मधे पडून सांगितलं की चट्टा फार मोठा नाही, बाजारातून तोच रंग जुळवून आणता येईल, आणि शेजारचं घड्याळ थोडं खाली, चित्रावर सरकवून घेतलं तर तो झाकलाही जाईल. सूनबाई म्हणाली, "नको बाबा." मग खोलीत गेली. पेटी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा एका हातात पेटी होती आणि काखेत गुंडाळलेलं कापड. मुलाला म्हणाली, "गच्चीवरची ती जुनी प्लायवूडची फळी आडवी घालून दे. कोणी वर येऊ नका थोडा वेळ."

"हे काढून ठेवू का मग?" मी चित्राकडे बोट दाखवून विचारलं.

"राहू द्या. तसंच राहू द्या." जिन्याच्या दोन पायऱ्या चढून ती परत वळली. "आणि कोणी विचारलं तर डोंगर नका सांगू बाबा."

"काय सांगू?"

"मी काढलंय एवढं सांगा."

ती वर गेली. मुलगा फळी घालून खाली आला. बायकोने त्याला विचारलं, "केवढं काढणार आहे?" तो म्हणाला, यापेक्षा मोठं असेल, कापड तरी मोठं आहे. बायको हॉलच्या मधोमध उभी राहून भिंतींकडे एकेक करून बघू लागली. मी टेप आणायला उठलो.

आक्का तेवढ्यात पदर खोचून जिना चढायला लागली होती. वर येऊ नका म्हणून सांगितलेलं तिने ऐकलं होतं, पण ते आपल्याला लागू आहे असं तिला वाटलं नसावं. कोणी तिला अडवलं नाही. थोड्या वेळाने वरून दोघींचे आवाज यायला लागले. भांडण होतं की बोलणं, ते खालून कळत नव्हतं, पण बराच वेळ चाललं होतं.