भिंगरीचा वेग

...तर भिंगरी मशीनवरून उठली आणि पुन्हा खिडकीशी गेली. मी म्हटलं, "अगं, समिती यायची ती दारानं येईल, खिडकीनं नाही."

"दादा, तू आपलं कापड काप," ती म्हणाली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

भिंगरी म्हणजे माझी धाकटी बहीण. पाळण्यात टिकली नाही, शाळेच्या बाकावर टिकली नाही. सासरी गेली, तर सासूनं पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "ही जेवायला तरी बसते का हो?" बसायची फक्त शिलाई मशीनवर, तेही म्हणायला. पाय पायडलवर, गुडघे हलते, मान इकडे तिकडे. शर्टाच्या कॉलरी शिवायची. मी त्याच कारखान्यात कापड बेतायचो. मालक गिऱ्हाइकाला आणून तिच्यासमोर उभं करायचा, घोडा दाखवावा तसं. तिलाही ते आवडायचं. नवी खोली उघडली की तिथली मुकादम तूच, असा शब्दही त्यानं दिला होता.

तेव्हा सरकारनं किमान वेतनाचा फेरविचार काढला होता. जुना दर ठरल्यापासून घरभाडं आणि औषधं कुठल्या कुठे गेली होती. देशादेशांनी मिळून या कामाचा एक दंडक घालून दिलाय. सरकारनं एकट्यानं दर ठरवायचा नाही. मालक आणि कामगार दोघांना सारख्या मानानं बसवायचं, जोडीला तिऱ्हाईत जाणकार. घर चालायला काय लागतं ते बघायचं, धंद्याला काय झेपतं तेही बघायचं, आणि एकदा ठरवून झोपी जायचं नाही. त्यासाठी नेमलेल्या समितीवर कामगारांच्या बाजूनं मला बसवलं होतं. खुर्ची इतकी गुबगुबीत की पहिल्या बैठकीत मला बोलायचं सुचलंच नाही.

घोडं अडलं ते नगावर. मजुरी नगावर असली, तरी दिवसभर राबणाऱ्याच्या हातात किमान वेतनाहून कमी पडता कामा नये. मग साधा हात तासाला किती कॉलरी शिवतो? मालक एक सांगे, मी दुसरंच. शेवटी समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "चला, बघूनच येऊ." मालकानं लगेच भिंगरीला पुढे केलं. तासाला जितक्या जास्त कॉलरी, तितका एका कॉलरीचा दर कमी. तिच्या वेगावर दर बांधला असता, तर बाकीच्या बायांना किमान वेतन गाठायला दिवस पुरला नसता.

मी तिला समजावलं, "जरा हळू शिव."

"हळू म्हणजे कसं?" तिनं करून पाहिलं. धागा तुटला, मान अवघडली. "दादा, मला कणकण वाटतेय."

शेजारच्या मशीनवरची मावशी खुदकन हसली. ही नात्यानं कुणाचीच मावशी नव्हती, म्हणून सगळ्यांची. "हिला हळू शिकवण्यापेक्षा घड्याळालाच शिकवा," म्हणाली.

समिती आली. बाईंनी घड्याळ लावलं. भिंगरीनं सुरुवात बरी केली. मग मालक हसत म्हणाला, "काय गं, वय झालं वाटतं?"

झालं. पाय सुटला. कॉलरीवर कॉलर पडू लागली आणि मी छताकडे बघत बसलो.

आता कॉलर शिवली की उलटवावी लागते, आणि तिची टोकं काडीनं आतून बाहेर काढावी लागतात. खरा वेळ खातं ते हेच. भिंगरीला टोकांचा जाम कंटाळा. ती शिवलेली कॉलर डावीकडे टाकायची, मावशी आपलं काम बाजूला सारून टोकं काढायची आणि कॉलर परत भिंगरीच्या ढिगात सरकवायची. वर्षानुवर्षं. त्याला मदत म्हणावं हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. समितीसमोरही मावशी सवयीनं तेच करत बसली.

तास भरला. बाईंनी ढीग मोजला, मग त्यांचं लक्ष काडीकडे गेलं. "या काय करताहेत?"

"टोकं," मावशी म्हणाली.

"आणि तुमच्या स्वतःच्या कॉलरी?"

मावशीपुढे जेमतेम मूठभर होत्या. "मागं राहतात जरा."

मालक घाईनं मध्ये पडला. "अहो, ती नुसता हात लावते. काम सगळं हिचं एकटीचं. सांग की गं, मुकादमबाई."

बाई भिंगरीकडे वळल्या. "एकट्यानं तुम्ही तासाला किती शिवता?"

भिंगरी उठली, बसली, कात्री उचलून परत ठेवली. आयुष्यभराचं नाव आणि मुकादमी, दोन्ही त्या उत्तरावर. मावशी खूण करत होती, सांगून टाक म्हणून, पण काय सांग ते मला कळेना. भिंगरीनं मालकाकडे पाहिलं, मग ढिगाकडे.

"बाई, एकटीनं मी कधी शिवलंच नाही, तर आकडा कुठून सांगू? लिहायचंच असेल तर ढीग निम्मा करा आणि मोठा निम्मा मावशीच्या नावावर टाका. एका जागी बसून टोकं काढायचा धीर माझ्यात नाही."