विदोसावाबाईंचा वारा

आमच्या मोरावा नदीकाठच्या गावात माणूस कशानेही आजारी पडो, खापर फुटतं आरपार वाऱ्यावर. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या राहिल्या की कान दुखतो, मान धरते, आणि म्हाताऱ्यांना विचाराल तर लग्नंही मोडतात. अशा गावात विदोसावाबाईंनी विज्ञानघर काढलं आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून त्याच्या मधोमध वाराच बसवला.

बाईंनी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. मलाही शिकवलं, पण त्याचा पुरावा मागू नका. निवृत्त झाल्यावर माणसं टोमॅटो लावतात; बाईंनी नगरपालिकेकडून बंद पडलेलं सिनेमाघर मागून घेतलं. सायकलींची चाकं, चष्म्यांची भिंगं असलं काय काय तिथे मांडलं. एका जाड नळीतून हवेचा झोत वर यायचा आणि त्यावर चेंडू अधांतरी नाचायचा. पोरांनी सगळं हाताळावं, मोडावं, पुन्हा जोडावं, एवढंच बाईंना हवं होतं.

पण स्ताना आजींनी चौकात जाहीर केलं, "आत वारा सोडलाय. पोरं पाठवा आणि मग दवाखान्यात बसा." झालं, एक पोर फिरकेना.

नगरपालिकेचा ल्युबिशा येऊन सांगून गेला, "बाई, बर्फ पडेपर्यंत पोरं दिसली नाहीत, तर जागा सट्टेवाल्यांना देणार. त्यांच्याकडे गर्दी तरी असते."

बाईंची जेवणावरची वासनाच उडाली. मी भेटायला गेलो तर त्या चेंडूसमोर एकट्याच बसलेल्या, गळ्याला लोकरी रुमाल.

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"माझी मान नाजूक आहे," त्या खेकसल्या. "शास्त्राचा काय संबंध?"

दुसऱ्या दिवशी त्या चौकात गेल्या. स्ताना आजी आणि त्यांची नात हिवाळ्यासाठी भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलत होत्या.

"स्तानाताई, तुमच्या घरात वारा येतो कुठून?"

"सून खिडकी उघडते ना."

"बघू तरी." बाईंनी काडीला पातळ कागदाची पट्टी बांधून नातीच्या हातात दिली.

सगळ्या आजींच्या घरी गेल्या आणि नात पट्टी धरून घरभर हिंडली. सुनेच्या खिडकीशी पट्टी ढिम्म हलली नाही. आजींच्या खोलीच्या दाराशी मात्र फडफडायला लागली.

"कागद सुनेला फितूर आहे," आजी म्हणाल्या.

पण बातमी फुटली होती. घरोघरच्या सासवासुनांनी पोरांना पट्ट्या आणायला विज्ञानघरात पिटाळलं. बाई तयार पट्टी कुणाला देत नसत, बनवायला शिकवत. शिकायला आलेली पोरं चेंडूपाशी अडकत आणि जेवायला हाका मारल्या तरी हलत नसत. स्ताना आजी रोज भांडायला यायच्या, आपली खुर्ची घेऊन.

बर्फ पडायच्या आत ल्युबिशा आला. त्याला आत शिरायला जागा मिळेना. मला बाईंचा अभिमान वाटला.

ल्युबिशा बाईंच्या कानाशी लागला. "बाई, बायको म्हणते वारा आईच्या खोलीतून येतो. आई म्हणते बायकोच्या. एक पट्टी मिळेल का?"

"मिळणार नाही, बनवावी लागेल," बाई म्हणाल्या. "त्या पोरांच्या मागे उभा राहा."

तो उभा राहिला.